व्हर्च्युअल मशीनला नेटवर्क कार्ड जोडताना

‘‘दादा, व्हीएममध्ये नेटच येईना बघ.’’ बेळगावात नेटवर्किंग शिकणाऱ्या मुलांकडून हे वाक्य सतत कानावर येतं. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून आलेली, टिळकवाडीत नाहीतर शहापुरात खोली करून राहणारी ही मुलं. लॅपटॉप एकच, नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटचं. राऊटर-स्विच विकत घेणं परवडत नसेल, तर व्हर्च्युअलबॉक्ससारखा आधार दुसरा नाही. हे सॉफ्टवेअर लॅपटॉपच्या आतच दुसरा संगणक चालवतं, तोच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नेटवर्कच्या सेटिंगमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि गल्लत तिथंच होते. ‘अटॅच्ड टू’ म्हणजे कार्डाची वायर कुठं जोडलीय. ‘अडॅप्टर टाइप’ म्हणजे गेस्टला, म्हणजे आतल्या मशीनला, ते कार्ड कोणत्या मॉडेलचं म्हणून दिसणार. नेट नसेल तर लिनक्स गेस्टमध्ये आधी ‘आयपी ए’ कमांड द्या. यादीत नुसतं ‘एलओ’ (मशीनची स्वतःशीच असलेली जोडणी) असेल तर कार्ड किंवा ड्रायव्हर तपासा. कार्ड दिसतंय पण पुढं काही जात नाही, तर जोडणी तपासा.

मॉडेलबद्दल फार डोकं लावू नका. इंटेल प्रो/१००० एमटी डेस्कटॉप हे लिनक्सला आणि व्हिस्टापासूनच्या विंडोजला वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखता येतं. जुन्या एक्सपीला ते ओळखता येत नाही, तिथं प्रो/१००० टी सर्व्हर निवडा. व्हर्टआयओ हे मॉडेल वेगवान आहे, कारण ते कुठल्याच खऱ्या कार्डाची नक्कल करत बसत नाही. लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर असतोच, विंडोजमध्ये मात्र बाहेरून टाकावा लागतो.

जोडणी हा खरा विषय. नॅट म्हणजे मशीन लॅपटॉपच्या आडून नेटवर जाते. त्यात पहिल्या कार्डावर गेस्टला १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो, गेटवे (बाहेर जायचं दार) १०.०.२.२. दुसरी मशीन चालू केली तरी तिलाही तोच पत्ता! पोरं इथं गडबडतात. पण प्रत्येक मशीनचं नॅट स्वतंत्र असतं, म्हणून पत्ते एकमेकांना आड येत नाहीत, आणि त्याच कारणानं दोन मशिना एकमेकींना पिंगही करू शकत नाहीत. हे कारण नीट सांगता आलं तर पुण्या-बंगळूरच्या मुलाखतीत उपयोगी पडेल.

मग बरेचजण ब्रिज्ड लावतात, म्हणजे मशीन वेगळ्या संगणकासारखी थेट बाहेरच्या नेटवर्कला जोडतात. केबलवर ते छान चालतं, वाय-फायवर भरवसा नाही. वाय-फायचा अॅक्सेस पॉइंट जोडलेल्या लॅपटॉपचाच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची ओळख) ओळखतो, त्यामागून दुसऱ्या मॅकची पाकिटं (डेटाचे तुकडे) आली की अडवतो. व्हर्च्युअलबॉक्स मॅक बदलून वाट काढायचा प्रयत्न करतो, पण दर वेळी जमेलच असं नाही. कॉलेजात मॅक नोंदवूनच नेट देत असतील तर त्या वाटेला जाऊच नका.

माझं ठाम मत: दोन कार्डं लावा. पहिलं नॅट, बाहेरच्या नेटसाठी. दुसरं होस्ट-ओन्ली, म्हणजे फक्त लॅपटॉप आणि त्यातल्या मशिनांचं नेटवर्क, आपसातल्या बोलण्यासाठी. तिथं लॅपटॉपचा पत्ता सहसा १९२.१६८.५६.१ असतो. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं लाईट आणि टॉवर दोन्ही गेले, तरी बॅटरी आहे तोवर लॅब चालू राहते. सुट्टीला गावी जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावंच.

उबुंटू सर्व्हरमध्ये (हा लिनक्सचाच एक प्रकार) दुसरं कार्ड मागाहून जोडलं तर ते ‘डाऊन’ दिसतं. बिघाड काही नसतो, नेटप्लॅनच्या, म्हणजे उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या, फाईलमध्ये त्याचं नाव नसतं इतकंच. नाव लिहा, डीएचसीपी (पत्ता आपोआप मिळायची सोय) चालू करा, ‘नेटप्लॅन अप्लाय’ द्या. या कार्डाला गेटवे मात्र देऊ नका, नाहीतर बाहेरची पाकिटं होस्ट-ओन्लीकडं वळून नेट बंद पडेल.

मशीनचं क्लोन (हुबेहूब प्रत) करताना ‘सगळ्या कार्डांना नवे मॅक पत्ते’ हा पर्याय निवडा. एवढं करूनही दोन उबुंटू क्लोनना होस्ट-ओन्लीवर एकच आयपी मिळाला, तर कारण मॅक नव्हे, क्लोनबरोबर जसाच्या तसा आलेला मशीन-आयडी, म्हणजे उबुंटूनं मशीनला दिलेला ओळख क्रमांक. उबुंटू सर्व्हर डीएचसीपीला त्या आयडीवरून आपली ओळख देतो. नेटप्लॅनमध्ये त्या कार्डाखाली ‘डीएचसीपी-आयडेंटिफायर’ला ‘मॅक’ असं लिहा आणि दोन्ही मशिना पुन्हा चालू करा.