निशी-कासाईला राहायला येताय? आधी फास्ट-स्लो समजून घ्या

तोक्योत आयटीच्या कामाला येणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांचं पहिलं घर निशी-कासाईलाच असतं. वायटूकेच्या (2000 साल लागताना कॉम्प्युटरच्या तारखांचा घोळ) वेळी आलेल्या मंडळींपासून ही वस्ती वाढत गेली, कारण इथून मेट्रोची तोझाई लाइन पकडली की कायाबाचो, निहोनबाशी, ओतेमाची हे ऑफिसांचे भाग सगळे थेट, गाडी बदलायची भानगडच नाही. 2019 मध्ये तर आपले योगेंद्र पुराणिक इथल्या एदोगावा वॉर्डात नगरसेवक म्हणून निवडून पण आले होते. त्यामुळे डाळ-तांदळाची काळजी करू नका, काळजी करायची ती संध्याकाळच्या रॅपिडची.

डोंबिवलीकरांना पटकन कळेल, रॅपिड म्हणजे आपली फास्ट. पण इथली गंमत अशी की ओतेमाचीहून निघालं की तोयोचोपर्यंत फास्ट आणि स्लो दोन्ही प्रत्येक स्टेशनला थांबतात, म्हणजे तुम्हाला वाटतं की बरोबर गाडीत बसलोय, आणि तोयोचो सुटलं की ती जी पळते ती मिनामी-सुनामाची, निशी-कासाई, कासाई तिन्ही सोडून थेट उरायासुला, म्हणजे तोक्यो संपून चिबा. मी पहिल्याच आठवड्यात दोनदा गेलोय, दुसऱ्यांदा तर हातात दूध आणि अंडी होती 😅 तर इंडिकेटरवर रॅपिड दिसलं तरी घाबरून सोडू नका, तोयोचोपर्यंत बसा आणि तिथे उतरून मागची लोकल (इथे लोकल म्हणजे स्लो) घ्या.

सकाळी गर्दी असतेच. कोविडच्या आधी किबा ते मोनझेन-नाकाचो हा पट्टा 199 टक्के भरलेला असायचा, अख्ख्या जपानमध्ये सगळ्यात वाईट. आता तेवढं नाही, तरी सॅक पोटावर घ्या, फोन सायलेंटवर, आणि उतरणारे उतरल्याशिवाय आत घुसायचं नाही (हे आपल्याला जड जातं, मान्य). बायकांसाठी सकाळी एक वेगळा डबा असतो, प्लॅटफॉर्मवर गुलाबी खूण बघा.

पास म्हणजे तेइकी, पास्मो कार्डवरच (पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) निघतो, 1, 3 किंवा 6 महिन्यांचा, खर्च बहुतेक कंपनी देते, जॉइन होतानाच विचारून घ्या. गाडी लेट झाली तर लेट झाल्याचं सर्टिफिकेट मिळतं, मेट्रोच्या साइटवरही असतं, ते ऑफिसात दाखवायचं, लाजायचं काही कारण नाही. सायकल मात्र स्टेशनबाहेर कुठेही लावू नका, वॉर्डवाले उचलून नेतात आणि सोडवायला पैसे पडतात.

आणि लोकलमध्ये डुलकी लागलीच तर एक खूण लक्षात ठेवा, मिनामी-सुनामाचीनंतर गाडी बोगद्यातून बाहेर येते आणि आराकावा नदीचा पूल लागतो, खाडखाड आवाज आला की वाशीच्या खाडीवर उठतो तसं उठायचं, पुढचं स्टेशन आपलं. रॅपिडमध्ये तो पूल दिसला तर मात्र बसून राहा, उरायासुहून उलटी लोकल घेतली की दुसरं स्टेशन.