वृद्धाश्रमातल्या आई-बाबांचं वजन घटतंय? या चुका टाळा

“वय झालं की माणूस वाळतोच.” हे मुलं म्हणतात, आश्रमातल्या सांभाळणाऱ्या मावशी म्हणतात, कधी कधी डॉक्टरसुद्धा म्हणतात. तिथेच हातची वेळ निघून जाते. वयाबरोबर भूक थोडी मंदावते, जिभेची चव कमी होते, हे खरं. पण सहा महिन्यांत ब्लाउज ढगळ झाले, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तर त्यामागे कारण असतं आणि बहुतेक वेळा ते शोधता येतं.

कुपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मेळघाटातलं बाळ येतं. घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या एसी खोलीत, दिवसाला चार वेळा खाणं येत असताना आजीचं कुपोषण होईल हे मनाला पटत नाही. पण होतं. आहारतज्ज्ञ म्हणून ठाणे-नवी मुंबईतल्या केअर सेंटरांमध्ये जाते तेव्हा अन्नाचा तुटवडा मला जवळपास कुठेच दिसत नाही. वाढलेलं अन्न पोटापर्यंत पोचत नाही, ही खरी अडचण. ते वाटेत कुठे अडतं, ते शोधायचं.

वहीतल्या ‘जेवण केलं’वर विसंबणं

नेरुळच्या एका सेंटरमधलं दुपारचं जेवण सांगते. साडेबाराला ताट आलं: दोन पोळ्या, दुधीची भाजी, वरण, भात, काकडीची कोशिंबीर. आजींनी पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडात बराच वेळ घोळवला आणि उरलेला चोथा हळूच वाटीच्या आड ठेवला. काकडीला हात लावला नाही. वरणाची वाटी ताटाच्या पलीकडच्या कडेला होती. थरथरत्या हाताने ती ओढताना वरण साडीवर सांडलं, तेव्हा त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि वाटी सोडून दिली. भाताचे चार-पाच घास गेले. एक वाजता मावशींनी ताट उचललं, कारण शेजारच्या खोलीत दोघांना भरवायचं बाकी होतं. वहीत नोंद झाली: ‘जेवण केलं.’

ही नोंद कोणी मुद्दाम खोटी लिहिली नव्हती. वहीत रकानेच दोन होते, केलं आणि नाही केलं. त्यामुळे पाव ताट खाल्लेली आजी आणि ताट चाटूनपुसून संपवणारे आजोबा कागदावर सारखेच. मॅनेजरना सांगून किमान तीन दिवस प्रत्येक जेवणाची नोंद पूर्ण, अर्धं, पाव, काहीच नाही अशी करायला लावा. तीन दिवसांतच कळतं की सकाळचा नाश्ता नीट जातो आणि रात्रीचं जेवण जवळपास जातच नाही, किंवा पोळी राहते पण खीर संपते. मग जे जातं त्यातच ताकद वाढवता येते.

आणि तुम्ही स्वतः एकदा जेवणाच्या वेळी जा. आपण सगळे रविवारी संध्याकाळी जातो, तेही मेगाब्लॉक सांभाळून, हातात फळांची पिशवी घेऊन. चहा होतो, गप्पा होतात, आई छान दिसते. तिचं ताट मात्र कोणी पाहिलेलं नसतं. भेटीची वेळ चार ते सहाच असेल तरी ‘एकदा जेवताना शेजारी बसायचंय’ असं आधी विचारून ठेवा. चांगलं सेंटर नाही म्हणत नाही. नाही म्हटलं, तर का म्हणतात तेही विचारा.

डोळ्यांनी वजन मापणं

‘चेहरा तर भरलेला दिसतोय’ यावर विसंबू नका. पायावर सूज असेल तर काटाही फसवतो, मग डोळ्यांची काय कथा. दर महिन्याला त्याच काट्यावर, सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, हलक्या कपड्यांत वजन व्हायला हवं. आकडा तारखेसह तुमच्या व्हॉट्सअॅपवर मागवा. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन आपोआप घटलं, तर ती कुपोषणाची दखल घेण्यासारखी खूण मानतात. ५२ किलोच्या आजींसाठी ५ टक्के म्हणजे जेमतेम २.६ किलो. एवढा फरक नुसत्या नजरेला दिसत नाही. स्थूल माणसाचं वजन घटलं की घरचे खूश होतात, पण या वयात न ठरवता घटलेल्या वजनात स्नायूही जातात, आणि मग खुर्चीतून उठतानाचा तोल जातो.

उभं राहता येत नसेल तर व्हीलचेअरसकट वजन करून खुर्चीचं वजन वजा करता येतं. तेही जमत नसेल तर शिंप्याची टेप घ्या. गुडघा काटकोनात ठेवून पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा. ‘मिनी न्यूट्रिशनल असेसमेंट’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या छोट्या चाचणीत बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) काढता येत नसेल तेव्हा हेच माप धरतात आणि ३१ सेंटिमीटरच्या आत आलं तर त्याचे गुण शून्य. त्यात आणखी पाच प्रश्न असतात: गेल्या तीन महिन्यांत खाणं कमी झालं का, वजन घटलं का, हिंडणंफिरणं कसं आहे, मोठा आजार किंवा मानसिक धक्का बसला का, स्मृतिभ्रंश किंवा नैराश्य आहे का. एकूण गुण १४. १२ आणि वर ठीक, ८ ते ११ म्हणजे धोका, ७ किंवा कमी म्हणजे कुपोषण. सिस्टरना पाच मिनिटांत भरता येते. दर तीन महिन्यांनी भरून मागा.

रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. ते जंतुसंसर्गात, सुजेत, यकृत-मूत्रपिंडाच्या आजारात खालीवर होतं आणि उपाशी माणसातही बराच काळ ठीक राहू शकतं.

पंचवीस वर्षांपूर्वीचं पथ्य आजही पाळणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, तेही चांगल्या हेतूने. साठाव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलेलं ‘गोड बंद, तेल बंद, भात बंद, मीठ कमी’ हे ८४व्या वर्षी फाइलमधून तसंच स्वयंपाकघरात जातं. मग ताटात येतं काय? अळणी भाजी, पातळ वरण, कोरडा फुलका. ज्या जिभेला आधीच चव कमी लागते, तिला हे जेवण नकोसं होणारच.

वयोवृद्ध आणि परावलंबी व्यक्तींसाठी कडक पथ्य सैल करावं, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचं म्हणणं आहे. केअर होममधल्या मधुमेहींसाठीसुद्धा ‘डायबेटिक डाएट’च्या नावाखाली खाणं तोडण्यापेक्षा औषधं जुळवून घ्यावीत, असंच ती सांगतात. डॉक्टरांना थेट विचारा: “या वयात, या वजनाला, यातलं कुठलं पथ्य अजून गरजेचं आहे?” हृदयविकारात अंगावर सूज असेल किंवा किडनीचा आजार असेल तर मीठ-प्रथिनांचा निर्णय त्यांनीच घ्यायचा. बाकी बरंच काही परत ताटात येऊ शकतं.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगते. इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणारी गोळी आठ वाजता ठरल्याप्रमाणे दिली आणि आजोबांनी नाश्ता अर्धाच खाल्ला, तर साखर खाली कोसळू शकते. खाणं कमी होत असेल तर डोसबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायला हवं.

पोट भरलं म्हणजे प्रथिनं मिळाली असं समजणं

वयस्कर माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे किमान १ ग्रॅम प्रथिनं लागतात, आजारपण किंवा जखम असेल तर त्याहून जास्त. ५० किलोच्या आजींना म्हणजे ५० ग्रॅम. आता त्यांचा दिवस पाहा. दोन वेळा चहा-बिस्किट, सकाळी पोहे, दुपारी एक पोळी आणि पातळ वरण, रात्री वरणभात. सगळं संपवलं तरी बेरीज पंचवीस-तीस ग्रॅमच्या घरात. एक अंडं म्हणजे ६ ग्रॅम, ग्लासभर दूध साधारण तेवढंच, ५० ग्रॅम पनीर म्हणजे ९ ग्रॅमच्या आसपास. वरण घट्ट करणं, भाजीत दाण्याचं कूट, पोह्यांऐवजी मुगाचं धिरडं, मऊ भातावर चमचाभर जास्त तूप: एवढ्याने ताट मोठं होत नाही, पण त्यातली ताकद वाढते. थोडंच खाणाऱ्यासाठी हाच मार्ग.

आपल्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट घडते. जन्मभर बोंबील, मांदेली, सुकट खाल्लेल्या कोकणातल्या किंवा आगरी-कोळी घरातल्या आजी शुद्ध शाकाहारी आश्रमात जातात. त्यांचं रोजचं प्रथिन एका दिवसात ताटातून नाहीसं होतं आणि त्याबरोबर जेवणातला जीवही. आश्रमाचा नियम आश्रमाचा, पण हे प्रवेशाआधी विचारायला हवं. आणि नियम बदलणार नसेल, तर दूध, दही, पनीर, उसळी किती मिळणार हे ठरवून घ्या.

तोंडात डोकावून न पाहणं

‘आई खातच नाही’ अशी तक्रार आली की मी आधी कवळी कुठे आहे ते विचारते. कितीदा तरी ती वरच्या मजल्यावर पाण्याच्या पेल्यात असते आणि आई खाली डायनिंग हॉलमध्ये. वजन घटलं की हिरड्या आकसून कवळी सैल होते, टोचते, मग ती काढूनच ठेवली जाते आणि खाणं आणखी घटतं. जिभेवर पांढरा थर, कोपऱ्यात फाटलेले ओठ, दुखरी दाढ, कोरडं तोंड हे सगळं टॉर्च लावून बघा. नेरुळला डी. वाय. पाटील आणि बेलापूरला भारती विद्यापीठ यांची दंत महाविद्यालयं आहेत. नवी मुंबईकरांना कवळीसाठी लांब जावं लागत नाही.

दात नाहीत म्हणून सगळं ताट मिक्सरमधून काढून एकाच रंगाचा लगदा करणं हीसुद्धा चूक. पाणी घालून पातळ केलं की ताकद अर्धी होते. मऊ करायचं तर दूध, वरण, तूप घालून करा आणि भाजी, भात, वरण वेगवेगळं वाढा. ती काय खाते आहे ते तिला दिसू द्या.

ठसक्याकडे दुर्लक्ष, भरवताना घाई

पाणी पिताना वारंवार ठसका, जेवल्यावर आवाज घरघरणं, गालात घास साठून राहणं, पुन्हा पुन्हा छातीत कफ होऊन ताप येणं: ही गिळण्याच्या त्रासाची लक्षणं आहेत. पक्षाघात, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश यांत हे बऱ्याचदा दिसतं. अशी व्यक्ती ठसक्याच्या भीतीनेच खाणं सोडते. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात, हे पुष्कळांना माहीतच नसतं. तोवर आडवं झोपवून काहीही भरवू नका. ताठ बसवा, चमचा छोटा, आधीचा घास गिळल्याची खात्री, आणि जेवणानंतर अर्धा तास बसतं ठेवा. पातळ पदार्थ दाट करायचे का, किती, हे तपासणीनंतरच ठरवा.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला जेवायला अर्धा-पाऊण तास लागतो. पांढऱ्या थाळीतला पांढरा भात तिला कधी कधी नीट दिसतही नाही. गडद रंगाचं ताट, एका वेळी एकच वाटी, टीव्ही बंद, आणि चमचा धरता येत नसेल तर हातात धरून खाता येईल असं काही: इडलीचे तुकडे, धिरड्याची गुंडाळी, उकडलेल्या अंड्याच्या फोडी, केळं. भरवणाऱ्याने उभं न राहता समोर बसायचं. हे सगळं मनुष्यबळावर येऊन ठेपतं, म्हणून सेंटर निवडताना टाइल्स आणि बाग पाहण्याआधी एक प्रश्न विचारा: “भरवावं लागणारे किती जण आहेत आणि जेवणाच्या वेळी भरवणारे हात किती?”

स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नाकातून नळी घालण्याचा विषय निघतो. त्या अवस्थेत नळीने आयुष्य वाढतं किंवा त्रास कमी होतो असं दिसलेलं नाही. हाताने, प्रेमाने, जेवढं जाईल तेवढं भरवणं श्रेयस्कर मानतात. हा निर्णय घाईत, एकट्याने घेऊ नका.

गोळ्या आणि डबे

जेवणाआधी मूठभर गोळ्या आणि दोन ग्लास पाणी, मग भूक कुठून लागणार? मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने भूक मंदावू शकते आणि दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. हृदयासाठीचं डिगॉक्सिन, स्मृतिभ्रंशासाठीचं डोनेपेझिल यांनीही अन्नावरची वासना जाऊ शकते, लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठ होऊ शकतं. स्वतःहून काहीही बंद करू नका. पूर्ण यादी घेऊन डॉक्टरांकडे बसा. नैराश्याचाही विषय तेव्हाच काढा, विशेषतः घर सोडून आल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत. लघवीला सारखं उठावं लागेल म्हणून पाणी टाळणारेही खूप असतात. स्त्रियांना दिवसाला साधारण १.६ लिटर आणि पुरुषांना २ लिटर पेयं जायला हवीत, डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर.

प्रोटीन पावडरचा डबा उपयोगी पडतो, पण अकराला ग्लासभर दिली आणि साडेबाराला ताट परत गेलं तर मिळवलं काय? ती दुपारी चारला किंवा रात्री झोपताना द्या. संध्याकाळी सातचं जेवण आणि सकाळी आठचा नाश्ता यांत तेरा तासांचा उपास पडतो, तोही त्याने मोडतो. पूरक पेयातून दिवसाला किमान ४०० कॅलरी आणि ३० ग्रॅम प्रथिनं मिळावीत आणि ते निदान महिनाभर चालू राहावं. दोन चमचे चार दिवस देऊन फरक पडत नाही.

पाच-सहा दिवस जवळजवळ काहीच पोटात गेलं नसेल तर मात्र एकदम भरपूर भरवू नका. उपाशी शरीरात अचानक अन्न गेलं की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियमसारखे क्षार धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात. अशा वेळी थेट रुग्णालय गाठा, ठाण्याच्या बाजूला असाल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, खाडीपलीकडे वाशीचं महापालिका रुग्णालय. आणि सेंटर वजनाचे आकडे दाखवत नसेल, जेवणाबद्दल विचारलं की टाळाटाळ होत असेल, तर ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर १४५६७ आहे. फोन विनाशुल्क लागतो.