वेगाचे चलान आले तर आधी स्वतःला तपासावे, मग यंत्रणेला

वेगमर्यादा ओलांडल्याच्या चलानाचा संदेश मोबाईलवर आला की आपल्यापैकी बहुतेकांचे मन पहिल्या पाच मिनिटांत एकाच दिशेने धावते. आपण त्या दिवशी इतक्या वेगात नव्हतोच, कॅमेरा चुकला असेल, शेजारून गेलेली पांढरी गाडी तर आपल्यापेक्षा कितीतरी जोरात होती, आणि सरकारला फक्त वसुली करायची आहे, असे सगळे एकदम सुचते. यातले एखादे वाक्य कधीकधी खरेही असते. मात्र ते खरे आहे की नाही हे ठरवण्याची एक पद्धत आहे आणि तिचा क्रम महत्त्वाचा आहे. आपली चूक असेल तर ती आडपडदा न ठेवता मान्य करणे आणि चूक नसेल तर दंड मुकाट्याने न भरणे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच प्रामाणिकपणातून येतात, असे मला मनापासून वाटते. पुढे जे लिहिले आहे ते महाराष्ट्रातील ई-चलान डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे.

सर्वांत आधी संदेश खरा आहे का, ते पाहावे. चलानाच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल पाठवून बँक खाते रिकामे करणाऱ्या टोळ्या सध्या फार सक्रिय आहेत. वाहतूक पोलीस दंडाच्या वसुलीसाठी ॲपची फाइल पाठवत नाहीत, म्हणून संदेशातील कोणत्याही दुव्यावर बोट न ठेवता महाट्रॅफिक ॲपवर किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर स्वतः जाऊन गाडीचा क्रमांक टाकावा. चलान खरे असेल तर ते तिथे दिसते आणि सोबतचे छायाचित्रही तिथेच उघडते.

हे छायाचित्र घाई न करता पाहणे हा या सगळ्या कामाचा गाभा आहे. ते मोबाईलच्या छोट्या पडद्यावर पाहू नये. संगणकावर उघडून मोठे करावे. नंबरप्लेटवरील प्रत्येक अंक स्वतंत्र वाचावा, कारण पावसाळ्यात चिखल उडालेल्या पाटीवर ३ आणि ८, किंवा बी आणि ८, यांत यंत्राची सहज गल्लत होते. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना आलेल्या चलानावर क्रमांक त्यांच्या गाडीचा होता, पण छायाचित्रातील गाडीच्या टपावर सामान बांधण्याचे लोखंडी कॅरिअर होते आणि मागची काच काळसर होती. यांच्या गाडीला या दोन्ही गोष्टी कधीच नव्हत्या. पाटी मोठी करून पाहिल्यावर शेवटचा अंक ८ नसून ३ असल्याचे स्पष्ट दिसले. त्यांनी आपल्या गाडीची मागून, पुढून आणि बाजूने काढलेली छायाचित्रे व नोंदणी प्रमाणपत्राची प्रत तक्रारीला जोडली आणि ते चलान रद्द झाले. छायाचित्र न पाहताच दंड भरला असता तर विषय तिथेच मिटला असता. मग चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, ही खंत मात्र त्यांच्याकडेच उरली असती.

गाडी आपलीच आहे याची खात्री पटल्यावर तारीख, वेळ, ठिकाण, त्या ठिकाणची मर्यादा आणि मोजलेला वेग या पाच गोष्टी कागदावर उतरवाव्यात. त्यानंतर त्या वेळी आपण खरोखर कुठे होतो हे फास्टॅगच्या संदेशांवरून, पेट्रोलच्या पावतीवरून किंवा मोबाईलमधील नकाशाच्या नोंदीवरून जुळवावे. आठवणीवर विसंबू नये, कारण दंडाच्या बाबतीत आपली आठवण नेहमी आपल्याच बाजूने साक्ष देते.

आता वेग मोजला कसा जातो ते समजून घ्यावे, म्हणजे कोणती सबब टिकणारी आहे आणि कोणती नाही हे आपोआप कळते. उड्डाणपुलावर किंवा रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पोलिसांच्या वाहनातील लेझर स्पीड गन आपल्या गाडीकडे थोड्या कोनातून पाहते. पुष्कळांचा समज असा असतो की या कोनामुळे वेग वाढून दिसतो. प्रत्यक्षात उभ्या जागेवरून कोनात मोजलेला वेग खऱ्या वेगापेक्षा किंचित कमीच भरतो, म्हणजे या त्रुटीचा फायदा चालकालाच मिळतो. ‘माझ्या मीटरवर तर कमी दिसत होते’ ही सबबही लंगडीच आहे, कारण गाडीतील वेगमापक सहसा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवतो, म्हणजे खरा वेग मर्यादेबाहेर असताना मीटरवर त्याहून जास्तच आकडा दिसत असणार. सरासरी वेगाची मोजणी तर साध्या अंकगणितावर चालते. रस्त्यावर कॅमेरे बसवलेल्या दोन कमानींमध्ये दहा किलोमीटरचे अंतर असेल आणि मर्यादा ताशी १०० ची असेल, तर ते अंतर कापायला निदान सहा मिनिटे लागली पाहिजेत. तुम्ही साडेपाच मिनिटांत पोहोचलात तर तुमचा सरासरी वेग ताशी १०९ झाला. कॅमेरा दिसताच ब्रेक दाबून तो गेल्यावर पुन्हा गाडी पळवणाऱ्याची युक्ती इथे निरुपयोगी ठरते, आणि मला ही पद्धत सर्वांत न्याय्य वाटते, कारण ती एका बेसावध क्षणावर बोट ठेवत नाही, संपूर्ण पट्ट्यावरचे वागणे मोजते.

कायद्याने यंत्रणेवरही बंधने घातली आहेत आणि ती गाडीमालकाला ठाऊक असली पाहिजेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ मध्ये वेगमर्यादेची तरतूद आहे आणि ती मोडल्याची शिक्षा कलम १८३ मध्ये आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनासाठी एक ते दोन हजार आणि मध्यम किंवा अवजड वाहनासाठी दोन ते चार हजार रुपये दंड, तर पुन्हा तोच गुन्हा घडल्यास परवाना जप्त करण्याची तरतूद तिथे आहे. महाराष्ट्रात हे वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. याच कलमात एक महत्त्वाचे संरक्षणही आहे. यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाचा आधार नसताना, केवळ एका साक्षीदाराला तुमचा वेग जास्त वाटला एवढ्यावर तुम्हाला दोषी ठरवता येत नाही. कॅमेऱ्यांसाठी २०१९ मध्ये कलम १३६ अ आले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७ अ घालण्यात आला. उपकरणाला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे व त्याचे दरवर्षी नूतनीकरण हवे, कॅमेऱ्याच्या पट्ट्याआधी वाहनचालकांना सूचना देणारा ठळक फलक हवा, चलानासोबत गुन्ह्याचे व नंबरप्लेटचे स्पष्ट छायाचित्र, उपकरणाने घेतलेले मोजमाप, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेल्या कलमाचा उल्लेख हवा, आणि घटनेपासून पंधरा दिवसांत नोटीस पाठवली जावी, अशा अटी त्या नियमाने घातल्या. आपले चलान या अटींसमोर एकेक करून ठेवून पाहावे. तक्रार नोंदवण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेला नियम परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर एकदा ताडून घ्यावा, कारण हे नियम बदलत असतात.

तक्रार करण्यासारखी कारणे माझ्या मते मोजकीच आहेत: गाडी दुसऱ्याची असणे, नंबरप्लेट चुकीची वाचली जाणे, पुरावा अपुरा किंवा अस्पष्ट असणे, मर्यादेचा फलक नसणे किंवा तो झाडाच्या फांद्यांत पूर्णपणे झाकलेला असणे, आणि त्या रस्त्याची मर्यादा चलानात चुकीची नोंदली जाणे. शेवटचे कारण तपासताना घाटाचा विचार करावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागाची मर्यादा आणि बोरघाटातील मर्यादा वेगवेगळी आहे, घाटात ती बरीच कमी आहे, आणि ‘इथे तर शंभर चालते’ असे म्हणणारे पुष्कळ जण नेमके घाटात पकडलेले असतात. झाकलेल्या फलकाचा पुरावा हवा असेल तर द्रुतगती मार्गावर गाडी थांबवून छायाचित्र काढण्याचे धाडस कृपया कोणीही करू नये. डॅशकॅम असेल तर त्यातील चित्रण वापरावे, नाहीतर पुढच्या फेरीत शेजारी बसलेल्या व्यक्तीने चालत्या गाडीतून छायाचित्र घ्यावे आणि किलोमीटरच्या दगडाचा क्रमांक टिपून ठेवावा.

तक्रार महाट्रॅफिक ॲपमधील तक्रारीच्या सुविधेतून किंवा वाहतूक शाखेच्या कार्यालयात लेखी देऊन करता येते. अर्जात चलान क्रमांक, गाडीचा क्रमांक, आक्षेपाचा नेमका मुद्दा आणि जोडलेले पुरावे एवढेच असावे. रस्त्यांवरील खड्डे, टोलचे दर आणि पोलिसांविषयीचा राग यांना त्या अर्जात जागा देऊ नये. त्यामुळे खरा मुद्दा गाडला जातो आणि वाचणारा अधिकारी कंटाळतो. दंड आधी भरून मागाहून तक्रार करण्याचा मार्गही टाळावा, कारण दंड भरणे म्हणजे कायद्याच्या भाषेत गुन्ह्याची तडजोड करणे, आणि तडजोडीनंतर प्रकरण मिटलेले मानले जाते. आक्षेप फेटाळला गेला आणि तरीही आपली बाजू खरी असल्याची खात्री असेल, तर न्यायालयात दंडाधिकाऱ्यांसमोर म्हणणे मांडण्याचा हक्क शिल्लक राहतोच. चलान नुसते पडून ठेवून लोकअदालतीत दंडात सूट मिळण्याची वाट पाहणे मात्र मला पटत नाही. ज्याने वेळेवर दंड भरला त्याच्यावर त्यात अन्याय होतो.

आता या विषयातील सर्वांत अवघड प्रश्नाकडे येतो, तो म्हणजे दंड नेमका कोणी सोसायचा. दोन वर्षांपूर्वी मला पुण्याहून मुंबईच्या विमानतळावर जायचे होते. गाडी माझी होती, चालक त्या दिवसापुरता बोलावलेला होता, आणि घरातून निघायला पाऊण तास उशीर मीच केला होता. खालापूरचा टोलनाका मागे पडला, सपाट रस्ता लागला, आणि मागे बसून मी त्यांना दोनदा म्हणालो, “दादा, जरा दाबा, विमान चुकेल.” मागच्या आसनावरून वेगमापकाचा काटा स्पष्ट दिसत होता. तो ११८ वर गेल्याचे मी पाहिले आणि गप्प राहिलो. तीन दिवसांनी चलान आले. मी त्यांना फोन केला तेव्हा मी काही बोलण्याआधीच ते म्हणाले, “साहेब, पुढच्या वेळच्या पैशातून कापून घ्या.” हे वाक्य त्यांच्या तोंडून इतक्या सहज आले की यापूर्वी कितीजणांनी त्यांचे पैसे असे कापले असतील, याचा विचार करून मला फार वाईट वाटले. दंड मी भरला, कारण तो वेग माझ्या सांगण्यावरून वाढला होता.

कायदाही हेच म्हणतो. कलम १८३ गाडी चालवणाऱ्याइतकेच, आपल्या हाताखालच्या माणसाला मर्यादेपेक्षा जोरात गाडी चालवायला लावणाऱ्यालाही लागू होते. एखादा प्रवास ठरावीक वेळेत पूर्ण करण्याचे वेळापत्रक किंवा आदेश दिला असेल आणि मर्यादा पाळून तो वेळेत पूर्ण होणे शक्य नसेल, तर तो आदेशच आदेश देणाऱ्याविरुद्धचा प्रथमदर्शनी पुरावा मानण्याची तरतूद त्या कलमात आहे. ट्रॅव्हल्सचे मालक, घरपोच माल पोहोचवणाऱ्या कंपन्यांचे व्यवस्थापक आणि कंपनीच्या गाडीतून फिरणारे अधिकारी यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. चालकाच्या पगारातून दंड कापण्याआधी आपण त्याला किती वेळ दिला होता, याचा हिशेब मांडणे हा साधा न्याय आहे. चालकाने आपल्या मर्जीने, सांगूनही न ऐकता गाडी पळवली असेल, तर गोष्ट वेगळी.

घरातल्या घरात उलटी चूक होते. मुलाने किंवा भाच्याने गाडी नेली, चलान वडिलांच्या मोबाईलवर आले, आणि त्यांनी कटकट नको म्हणून ते परस्पर भरून टाकले, की गाडी चालवणाऱ्याला काहीच कळत नाही. छायाचित्र त्याला दाखवावे, दंड त्याच्या कमाईतून किंवा हातखर्चातून घ्यावा, आणि पोलिसांनी कलम १३३ नुसार विचारणा केल्यास गाडी कोण चालवत होते हे मालकाने खरेखरे सांगावे. हे सांगणे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि नातेवाइकाचा परवाना वाचवण्यासाठी दुसऱ्याचे नाव पुढे करणे म्हणजे एका गुन्ह्यावर दुसरा रचणे होय.

विकलेल्या गाडीबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवावे लागते. ते केले नाही तर नव्या मालकाच्या वेगाची चलाने जुन्या मालकाकडे येत राहतात आणि नोंदणीवर नाव असेपर्यंत हात वर करून सुटता येत नाही. नोंदणीवरील मोबाईल क्रमांक बदलला असेल तर तोही परिवहनच्या संकेतस्थळावर आजच दुरुस्त करावा.

‘सगळेच त्या वेगाने जात होते, मग मलाच का’ हा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण तो सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि त्यामागची भावना मला कळते. दंड सर्वांना झाला पाहिजे ही मागणी रास्त आहे, पण दुसरा सुटला म्हणून आपला वेग कमी होत नाही. ढोबळ हिशेब करून पाहा. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, प्रतिसादाचा एक सेकंद धरला तर ताशी १०० ने जाणारी गाडी सुमारे ८३ मीटरमध्ये थांबते. ताशी १२० ने आलेली तशीच गाडी त्याच ८३ मीटरच्या खुणेवर अजून ताशी ७० च्या आसपास वेगात असते. पुढे बंद पडलेला ट्रक उभा असेल तर पहिल्या गाडीतील माणसे घाबरून खाली उतरतात, दुसऱ्या गाडीतील माणसे त्या ट्रकवर आदळतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली आणि त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यूंची नोंद अतिवेगाखाली झाली. आणि या वेगाने वाचते किती? द्रुतगती मार्गाचे जवळपास ९४ किलोमीटर घाट, टोल आणि कोंडी वगळून पूर्ण १२० ने कापले तरी १०० च्या तुलनेत फार तर साडेनऊ मिनिटे.

म्हणून चलान मान्य असेल तर ते त्याच आठवड्यात भरावे, पावती जपून ठेवावी आणि त्या दिवशी उशीर कुठे झाला होता ते शोधावे. माझ्या बाबतीत उत्तर घराच्या दारातच सापडले. विमानतळावर जायचे असेल तेव्हा मी आता एक तास आधी निघतो आणि गाडीत बसतानाच चालकाला सांगतो, की उशीर झाला तर तो माझा असेल.