टेनिस कोर्टवर या चुका टाळा

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळीसच्या पार जातो. मग टेनिससाठी उरतो तो सूर्य डोक्यावर येण्याआधीचा दीड-दोन तासांचा वेळ, नाहीतर दिवे लागल्यानंतरचा. जुळे सोलापूर काय नि होटगी रोड काय, सगळ्यांना कोर्ट हवं ते त्याच वेळेत. कुरबुरीही तेव्हाच होतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे शेजारच्या कोर्टात गेलेल्या बॉलमागे पळणं. तिथे रॅली, म्हणजे बॉलची सलग देवाणघेवाण, चालू असते, खेळणाऱ्याची नजर वर असते. थांबा. पॉइंट संपला की हात वर करून बॉल मागा. दुसऱ्यांचा बॉल परत देतानाही रॅकेटने फटकावू नका. समोरच्याने आपल्याकडे पाहिल्यावर एक टप्पा देऊन त्याच्या हाताशी पोचवा. आणि बाहेरचा बॉल आपल्या कोर्टात आला तर त्याच क्षणी मोठ्याने "लेट" म्हणा. पॉइंट पुन्हा खेळायचा. पॉइंट हरल्यावर "अरे, बॉल आला होता" म्हणणं चालत नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या डबल्समधले एक काका मागे सरकताना घरंगळत आलेल्या बॉलवर पाय पडून कोसळले. घोटा असा मुरगळला की महिनाभर रॅकेट हातात धरता आली नाही. कुणीतरी नुसता आवाज दिला असता, तरी वाचले असते. मला ते अजून लागतं.

बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेच्या, मागून जायचं असेल, तरी पॉइंट संपेपर्यंत गेटपाशीच थांबा.

दुसरी चूक वेळेची. "एवढा सेट संपवतो" म्हणता म्हणता अर्धा तास जातो. बाहेर माणसं ताटकळत असतील तर ४०-४० अशी बरोबरी झाल्यावर एकाच पॉइंटवर गेम संपवा. सर्व्हिस उजवीकडे घ्यायची की डावीकडे, हे ती घेणाऱ्याने (रिसीव्हरने) ठरवायचं. सहा-सहा गेम झाले की टायब्रेक, म्हणजे सेटचा निकाल लावणारा शेवटचा गेम. चौघे थांबलेत आणि आत दोघंच सिंगल्स खेळताहेत, हे तर मला पटतच नाही. हाक मारा, "या दादा, डबल्स करू."

रेषांवरून वाद? अंपायर नसताना आपल्या बाजूचा निर्णय आपणच द्यायचा असतो. बॉल रेषेला नुसता चाटून गेला तरी आत. नीट दिसला नसेल तरीही आतच धरायचा. शंकेचा फायदा समोरच्याचा. सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक पॉइंटआधी स्कोअर मोठ्याने सांगितला, तर निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

मातीच्या कोर्टवर खोल खाचांचे रनिंग शूज घालू नका, खड्डे पडतात. खेळ संपल्यावर माती सारखी करायची जाळी ओढायची ती कुंपणाकडून सुरू करून, गोल फिरत आत यायचं. नाहीतर माती कडेला साचते. मग ब्रशने रेषा झाडायच्या. याला पाचेक मिनिटं लागतात. ती आपल्याच तासातून काढा, पुढच्यांच्या नव्हे.