वेगळ्या वळणाची इंग्रजी आधी मोठ्याने वाचा

सॅम्युएल सेल्व्हन यांच्या 'द लोनली लंडनर्स' (१९५६) या कादंबरीत फक्त पात्रेच नव्हे, तर निवेदकही त्रिनिदादी वळणाच्या इंग्रजीत बोलतो. अशी भाषा मनातल्या मनात 'दुरुस्त' करत वाचू नका, सगळी लय हातची जाते. पहिली दहा पाने मोठ्याने वाचा. मग वहीत वाक्यरचनेच्या सवयी टिपा: क्रियापदाचे रूप कुठे बदलत नाही, कोणता शब्द दोनदा येतो. त्यामागे नियम असतात आणि ते आपले आपण सापडले की काय आनंद होतो! गॅब्रिएल ओकारा यांच्या 'द व्हॉइस'मध्ये (१९६४) तर नायजेरियातल्या इजॉ भाषेची वाक्यरचना इंग्रजीत उतरली आहे. शब्द अडल्यास त्या प्रदेशाचाच कोश घ्या. कॅरिबियनसाठी रिचर्ड ऑलसॉप यांचा (१९९६).