कॉलेज फुटबॉलचा अख्खा सीझन कसा बघायचा: फॅमूचं २०२३ हाताशी धरून

अमेरिकेत नवीन आलेले आपले बरेच लोक फुटबॉल बघायचा म्हणून थेट सुपर बोल, म्हणजे प्रोफेशनल फुटबॉलची फायनल, लावून बसतात आणि तासाभरात कंटाळून उठतात. मी म्हणेन की सुरुवात एचबीसीयूच्या एका टीमपासून करा, आणि फायनलपासून नाही, पहिल्या मॅचपासून.

एचबीसीयू म्हणजे गोऱ्यांच्या कॉलेजांची दारं काळ्या मुलांना बंद होती तेव्हा त्यांच्यासाठी निघालेली कॉलेजं. फुल्यांनी १८७३ मधे आपलं पुस्तक गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं होतं ना, त्यानंतर चौदा वर्षांनी, १८८७ ला, फ्लोरिडात टॅलाहासीला फ्लोरिडा ए अँड एम सुरू झालं, तेच फॅमू. हे डोक्यात असलं की स्टेडियममधे आजी, लेक, नात तिघी एकाच कॉलेजच्या केशरी-हिरव्या टीशर्टमधे का बसल्यात ते आपोआप कळतं.

नियम सुरुवातीला एवढेच पुरे: चार चान्स मिळतात, त्यात दहा यार्ड पुढे जायचं, गेलात की परत चार, नाही गेलात तर बॉल समोरच्यांचा. टचडाऊनचे, म्हणजे बॉल समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की ६ पॉइंट, त्यानंतरच्या किकचा १, फील्ड गोलचे, म्हणजे खांबांमधून किक मारली की ३. टीव्हीवर जी पिवळी रेघ दिसते तिथपर्यंत पोचायचंय, नजर तिच्यावर ठेवा, बाकीचं दोन-तीन मॅचमधे येतं.

आता टीम निवडली की आधी मागचे दोन सीझन बघून घ्या, हे लोक करत नाहीत आणि तिथेच मजा जाते. फॅमू २०२१ मधे स्वॅक कॉन्फरन्समधे आलं, कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट. मायामीच्या ऑरेंज ब्लॉसम क्लासिक या मॅचमधे त्यांची गाठ जॅक्सन स्टेटशी, तेव्हा त्यांचे कोच डिऑन सँडर्स, एकेकाळचे प्रोफेशनल फुटबॉलचे स्टार. २०२१ ला फॅमू ७-६ ने हरलं, एका पॉइंटने, आणि तेवढ्यावरच डिव्हिजन, म्हणजे कॉन्फरन्सच्या अर्ध्या भागातला पहिला नंबर, गेली. २०२२ ला तर ५९-३. हे माहीत असेल तरच ३ सप्टेंबर २०२३ ला फॅमूने २८-१० ने जिंकणं काय होतं ते समजेल. सँडर्स तोवर कोलोरॅडोला गेले होते हे खरं, पण वचपा तो वचपाच.

पुढच्याच आठवड्यात साउथ फ्लोरिडाकडून ३८-२४ ने हार. इथे नवीन माणूस नाराज होतो, होऊ नका. ती युनिव्हर्सिटी वरच्या गटातली, तिथे तेव्हा ८५ स्कॉलरशिप आणि फॅमूच्या गटात ६३, आणि असल्या मॅचेस छोटी कॉलेजं बऱ्याचदा पैशासाठीही खेळतात कारण मोठं कॉलेज त्यांना ठरावीक रक्कम देतं. कॉन्फरन्सच्या टेबलमधे ही हार धरत नाहीत. म्हणून दोन रेकॉर्ड वेगळे लिहून ठेवा, एकूण आणि कॉन्फरन्सचा. मी फ्रिजवर कागद चिकटवते, दर शनिवारी रात्री त्यावर पेनाने स्कोअर टाकायचा, मुलांनाही सवय झालीय. फॅमूचा कॉन्फरन्सचा आकडा शेवटी ८-० झाला, म्हणजे आठ जिंकल्या, हरली एकही नाही.

स्वॅकमधे ईस्ट आणि वेस्ट अशा दोन डिव्हिजन, दोन्हीचे विजेते फायनलला एकमेकांशी खेळतात. २ डिसेंबरला फॅमूने घरच्या ब्रॅग स्टेडियमवर प्रेअरी व्ह्यूला ३५-१४ ने हरवलं. तिकडे मीअ‍ॅक या एचबीसीयूंच्याच दुसऱ्या कॉन्फरन्समधून वॉशिंग्टन डीसीचं हॉवर्ड आलं. हे दोन चॅम्पियन सेलिब्रेशन बोल या सीझनअखेरच्या मॅचला भेटतात, २०१५ पासून अटलांटात.

आता प्रश्न येतो की हे राष्ट्रीय प्लेऑफला, म्हणजे देशभरच्या टीमच्या नॉकआउट फेऱ्यांना, का जात नाहीत. स्वॅकची फायनल डिसेंबरात असते, तोवर प्लेऑफ सुरू झालेला असतो, शिवाय या बोलमधून कॉन्फरन्सला पैसे चांगले मिळतात. पण ते कमी पडतात म्हणून, असं कुणी म्हटलं तर त्याला १९७८ सांगा: कोच रूडी हबर्डच्या फॅमूने मॅसॅच्युसेट्सला ३५-२८ ने हरवून डिव्हिजन वन डबल ए, म्हणजे फॅमूच्याच गटाची पहिली राष्ट्रीय चॅम्पियनशिप घेतली होती. ती जिंकणारं एचबीसीयू आजवर ते एकटंच. तारीख होती १६ डिसेंबर, आणि २०२३ चा सेलिब्रेशन बोलही १६ डिसेंबरलाच आला, बरोब्बर ४५ वर्षांनी. मला अजून अंगावर काटा येतो.

अटलांटात राहात असाल तर या मॅचला जाताना गाडी नॉर्थ स्प्रिंग्सला लावा, मार्टाची, म्हणजे तिथल्या मेट्रोची रेड लाइन घ्या, फाइव्ह पॉइंट्सला उतरून पश्चिमेकडे जाणारी ट्रेन पकडा. पर्स नेऊ नका, आरपार दिसणारी प्लास्टिकचीच बॅग लागते. २०२३ ची मॅच दुपारी बाराला होती, म्हणजे भारतात रात्रीचे साडेदहा, घरच्यांना टीव्हीवर दाखवायला एकदम सोयीची वेळ.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हाफटाइमला जागा सोडायची नाही. पहिल्या वर्षी मी खायला आणायला रांगेत उभी राहिले आणि भिंतीपलीकडून नुसते ढोल ऐकत बसले, ते अजून सलतं. फॅमूचा बँड म्हणजे मार्चिंग हंड्रेड, विल्यम फॉस्टर यांनी १९४६ पासून उभा केलेला, १९८९ ला पॅरिसच्या बास्तील दिनाच्या परेडमधे वाजवून आलेला. आधी इतके सावकाश पाय टाकतात की गुडघा वर येऊन थांबलेला दिसतो, आणि मग एका शिट्टीवर सगळी रांग धावतच सुटते, पण ओळ जराही मोडत नाही.

मॅच मधेच सोडू नका हेही फॅमूनेच शिकवलं. सुरुवातीलाच हॉवर्ड १४-० ने पुढे गेलं, आमच्या पुढच्या रांगेतल्या आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. क्वार्टरबॅक जेरेमी मूसा मात्र शांतपणे पास टाकत राहिला, शेवटच्या क्वार्टरमधे मॅच फिरली आणि ३०-२६. कोच विली सिमन्सची टीम १२-१. टोपी परत डोक्यावर.

एवढं झाल्यावर लगेच गेटकडे पळू नका, ट्रेनला गर्दी असतेच. मॅच संपल्यावर दोन्ही बँड समोरासमोर आळीपाळीने वाजवतात, मॅचचे क्वार्टर चारच, म्हणून त्याला पाचवा क्वार्टर म्हणतात, आणि त्याचं वेगळं तिकीट लागत नाही.