लॅबसाठी लिनक्स क्लोन करताय? आधी या चुका टाळा

नाशिकमध्ये सिडकोतल्या एका शाळेत संगणकांचे १४ जुने डबे आले. अंबडच्या एका कारखान्याने नवे पीसी घेतले, तेव्हा जुने शाळेला दिले. मुलांसाठी मी त्यांवर उबंटू सर्व्हर २४.०४ ही लिनक्स प्रणाली घेऊन वर हलका एक्सएफसीई डेस्कटॉप चढवला. लोहित देवनागरी फॉन्ट, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, लिबरऑफिस आणि छोट्यांसाठी जीकॉम्प्री (शैक्षणिक खेळांचा संच) हेही बसवलं. एक मास्टर पीसी तयार करायचा, क्लोनझिला या डिस्क कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने त्याची इमेज (डिस्कची हुबेहूब नक्कल) काढायची आणि उरलेल्या १३ वर उतरवायची, असा बेत होता. इमेज एका दिवसात उतरली. पुढचे तीन शनिवार मात्र दुरुस्तीत गेले. ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

सगळ्या पीसींची ओळख एकच राहणे

सगळ्यात जास्त वेळ याच चुकीने खाल्ला. एका पीसीवर नेट चालू केलं की शेजारच्याचं बंद पडायचं. मी केबल बदलली, स्विच बदलला, राउटर दोनदा रीसेट केला. दोष इमेजमध्येच होता.

प्रत्येक लिनक्स यंत्राला इन्स्टॉलेशनच्या वेळी एक मशीन-आयडी मिळतो. तो 'ईटीसी' फोल्डरमधल्या त्याच नावाच्या फाइलमध्ये असतो. उबंटू सर्व्हरचं नेटवर्क सिस्टमडी (यंत्रातल्या मूलभूत सेवा चालवणारी प्रणाली) सांभाळतं, आणि राउटरकडे आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मागताना ते या आयडीवरूनच आपली ओळख सांगतं. १४ जण एकच ओळख सांगत आले, तर राउटर सगळ्यांना एकच आयपी देणार.

उपाय सोपा आहे, पण क्रम चुकवू नका. इमेज काढण्याआधी मास्टरवरची ही फाइल रिकामी करा. फाइल उडवू नका, फक्त आतला मजकूर काढा. डीबस (प्रोग्रामांना एकमेकांशी बोलू देणारी सेवा) हिच्या फोल्डरमध्ये याच नावाची दुसरी फाइल असते. ती पहिलीकडे नेणारी लिंक आहे ना, तेवढं बघा. मग मास्टर बंद करा आणि थेट क्लोनझिलाच्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. मध्ये 'एकदा बघून घेऊ' म्हणून उबंटू चालू केलंत, तर नवा आयडी तयार होतो आणि तोच पुन्हा १३ ठिकाणी जातो. माझं एकदा असंच झालं.

एसएसएच (दुसऱ्या पीसीवरून लॉगिन करण्याची सोय) हिच्या होस्ट-की, म्हणजे यंत्र ओळखायच्या किल्ल्या, सुद्धा अशाच सगळीकडे सारख्या जातात. त्या मास्टरवर काढून टाका आणि प्रत्येक क्लोनवर 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर ओपनएसएसएच-सर्व्हर' चालवून नव्या बनवा. होस्टनेम, म्हणजे नेटवर्कवरचं पीसीचं नाव, तेही बदला. आम्ही गोदा-०१, गोदा-०२ अशी नावं दिली आणि तीच डब्यांवर चिकटवली.

५०० जीबीची इमेज ४८० जीबीच्या डिस्कवर

दोन पीसींच्या जुन्या हार्डडिस्क गेल्या होत्या, म्हणून एमजी रोडवरून ४८० जीबीच्या एसएसडी आणल्या. मास्टरची डिस्क ५०० जीबीची होती. डेटा जेमतेम १५ जीबी, तरी क्लोनझिलाने नकार दिला. तो भरलेले ब्लॉकच कॉपी करतो हे खरं, पण नेहमीच्या पद्धतीत नवी डिस्क मूळ डिस्कइतकी किंवा मोठी लागते. त्यामुळे मास्टर तयार करतानाच पार्टिशन (डिस्कचा वापरायचा भाग) लहान ठेवा आणि इमेज उतरवताना एक्सपर्ट मोडमध्ये डिस्कचा आकार न तपासण्याचा '-icds' पर्याय निवडा. आमचं आता ४० जीबीचं आहे. क्लोन झाल्यावर जीपार्टेड या पार्टिशनच्या प्रोग्रामने हवं तेवढं वाढवता येतं.

'नो बूटेबल डिव्हाइस' दिसलं तर आधी बायोस (पीसी चालू होतानाची मूळ सेटिंग) उघडा. सुरू होण्याच्या दोन पद्धती असतात, नवी यूईएफआय आणि जुनी लेगसी; मास्टर यूईएफआयवर आणि हा पीसी लेगसीवर असेल, तर डिस्क कितीही नीट असली तरी सुरू होणार नाही.

पॅकेजं आठवणीवर बसवणे

काय काय पॅकेजं (लिनक्सवर बसवायचे प्रोग्राम) बसवलीत याची वही ठेवा. 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल' ही कमांड हाताने बसवलेल्या पॅकेजांची यादी देते. ती फाइलमध्ये साठवा. बरेच जण 'डीपीकेजी' या पॅकेजं बसवणाऱ्या मूळ प्रोग्रामची पूर्ण यादी काढतात. तिच्यात सोबत ओढली गेलेली शेकडो पॅकेजंही असतात. ती यादी दुसरीकडे जशीच्या तशी लावली, की सगळीच हाताने बसवलेली समजली जातात आणि मग ऑटोरिमूव्हला (गरज नसलेली पॅकेजं काढणारी कमांड) नको असलेलं ओळखता येत नाही.

पॅकेज बसवताना लॉक फाइलचा (दुसरा प्रोग्राम आधीच काम करतोय हे दाखवणारी फाइल) एरर आला की ती फाइल उडवा, हा सल्ला कृपया ऐकू नका. बहुतेक वेळा मागे आपोआप अपडेट चालू असतं, दहा मिनिटं थांबा. जबरदस्ती केलीत तर पॅकेजांची नोंदच बिघडू शकते. अपडेट चालू असताना लाईट गेली (पावसाळ्यात आमच्याकडे हे ठरलेलंच) तर पीसी सुरू करून 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवा. अर्धवट राहिलेलं बहुधा त्यानेच पूर्ण होतं. एका नव्या आवृत्तीच्या हट्टापायी बाहेरचे पीपीए (उबंटूच्या अधिकृत साठ्याबाहेरचे पॅकेजांचे साठे) मास्टरवर जोडू नका. उद्या त्यातलं काही मोडलं, तर ते १४ ठिकाणी मोडेल.

१४ पीसी एकाच कनेक्शनवरून तीच पॅकेजं उतरवतात, तेही टाळता येतं. एका पीसीवर 'ॲप्ट-कॅशर-एनजी' (उतरवलेली पॅकेजं साठवून ठेवणारा प्रोग्राम) बसवा आणि बाकीच्यांना त्याचा ३१४२ पोर्ट प्रॉक्सी (मधला दुवा) म्हणून द्या. पॅकेज बाहेरून एकदाच येतं. शाळेच्या नेटवर याने फार फरक पडला.

सेटिंग स्वतःच्या खात्यात करणे

मी कीबोर्ड, फॉन्ट, पॅनेल सगळं माझ्या खात्यात लावलं. क्लोनवर मुलांची खाती उघडली तर सगळं कोरं. नव्या खात्यांना जे मिळायला हवं, ते 'ईटीसी'मधल्या 'स्केल' फोल्डरमध्ये ठेवा, तेही खाती बनवण्याआधी. आणि स्वतःचे वायफाय पासवर्ड, ब्राउझरमधली लॉगिन इमेज काढण्यापूर्वी पुसा. नाहीतर ती १३ डब्यांत मुलांच्या हाती जातात.

सगळं झाल्यावर इमेज आधी एकाच पीसीवर उतरवा. आयपी बघा, मुलाच्या खात्यातून लॉगिन करा, मराठीत दोन ओळी टाइप करून प्रिंट काढा. ळ आणि जोडाक्षरं कागदावर नीट उमटली, की मग उरलेल्या डब्यांना हात लावा.